उणे चाळीसचं दार

१४ ऑक्टोबर
सकाळी सातला उणे चार. वारा वायव्येचा. इंजिन गोठू नये म्हणून गाडी प्लगला लावतो, ती आज लावली नाही.

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि रोज पहाटे वहीत एवढंच लिहिलं. बस सोडून चौथं वर्ष लागलं, पण डेपोतून आणलेल्या कोऱ्या वह्या अजून सहा शिल्लक आहेत. पर्ल म्हणते, "हवामान खात्याच्या लोकांना पगार मिळतो. तू फुकट का राबतोस?" काय करू? हात रिकामे राहिले की मला घर खायला उठतं.

आज गॅरेजचं दार उघडताना असं कण्हलं की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. खालची फळी कुजली आहे. मधल्या फळीच्या चिरेतून बोट आरपार जातं, मी घालून पाहिलं. जमीन पक्की गोठायच्या आत नवं दार बसवायचं, असं न्याहारीच्या वेळी जाहीर केलं.

"कोण बसवणार?" पर्लने विचारलं.

"दारं बसवणारा जगात काय एकच माणूस आहे?"

ती बटाटे सोलत राहिली.

१५ ऑक्टोबर
उणे दोन. ढगाळ.

दार का बदलायचं ते नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच म्हणेन की जुनं काय वाईट होतं. एक, स्वयंपाकघराच्या नळाचा पाइप गॅरेजच्या भिंतीतून येतो. गेल्या सहा जानेवारीला, म्हणजे आमच्या नाताळच्या आदल्या रात्री, ऐन पवित्र सांजेला, तो गोठला. बाहेर उणे अडतीस होतं. बारा पदार्थांची भांडी पर्लने बर्फ वितळवून धुतली आणि त्या दिवसापासून मला ते ऐकवते आहे. दोन, दार थंडीत फरशीला चिकटतं आणि मग किटलीने गरम पाणी ओतत बसावं लागतं. तीन, हे दार १९७९ सालचं आहे.

चौथं कारण लिहिलं होतं, ते खोडलं.

१९ ऑक्टोबर
उणे सहा. पहिला बर्फ, टिकला नाही.

को-ऑपमध्ये वॉल्टर दिसला. ब्रेडच्या फळीपाशी काठी टेकून उभा होता. गुडघे फारच गेलेत त्याचे. मी दुधाकडे वळलो. दूध घ्यायचं नव्हतं, तरी दोन लिटर घेऊन आलो. पर्ल म्हणाली, "घरात तीन लिटर आहे." मी म्हटलं, "असू दे."

वॉल्टर माझा थोरला भाऊ. आमच्यापासून सात घरं सोडून राहतो. तीस वर्षं त्याने या पट्ट्यात गॅरेजची दारं बसवली. डॉफिनपासून वरच्या तळ्यांपर्यंत कुठलंही दार सुरळीत वर गेलं तर ते बहुधा वॉल्टरने बसवलेलं असतं. आमचं बोलणं तीन वर्षं बंद आहे. कारण गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण वहीत कधी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. चर्चच्या सभेत प्रश्न आला की नाताळ आजोबा-पणजोबांच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे जानेवारीत करायचा की इतरांसारखा डिसेंबरात. वॉल्टर डिसेंबरच्या बाजूने उभा राहिला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "जा, आपल्या बापाच्या, तातोंच्या थडग्यावर जाऊन सांग की तुमचा सण तेरा दिवस आधीच उरकला." तो म्हणाला, "तातो चांदणी बघून जेवायला बसायचे, कॅलेंडर बघून नाही." लोक हसले. त्या हसण्यावर मतदान झालं आणि आम्ही चार मतांनी हरलो.

तेव्हापासून चर्च डिसेंबरात नाताळ करतं आणि मी माझ्या घरी सहा जानेवारीला पवित्र सांज करतो. पहिल्या वर्षी माझ्या टेबलाला नऊ जण होते. गेल्या वर्षी चार.

२७ ऑक्टोबर
उणे नऊ. गाडी प्लगला लावली.

अकरा माहितीपत्रकं जमली. टेबलावर जागा नाही म्हणून पर्लने मला हॉलमध्ये हाकललं. मूळ प्रश्न दाराच्या पोटात काय भरलंय हा आहे. स्वस्त दारात पत्र्याला आतून थर्माकोलची पाटी खोचतात आणि कडांना फटी राहतात. चांगल्या दारात दोन पत्र्यांच्या मध्ये फोम ओततात. तो फुगून कानाकोपरा भरतो आणि पत्रा वाजत नाही. मग आर आकडा. आर नऊ, आर बारा, आर सोळा, आर अठरा. आकडा मोठा तितकी थंडी बाहेर. पण आर अठरा म्हणणारे दाराच्या मधोमध मोजतात आणि जोडांचं नावच काढत नाहीत. सगळे चोर.

पर्ल हात पुसत आली आणि म्हणाली, "खालची पट्टी विनाइलची घेऊ नकोस. उणे तीसला ती काठीसारखी कडक होते. आणि डाव्या कोपऱ्यात जमीन बोटभर खचलीय, तिथे रुंद पट्टी लागेल."

"तुला हे कोणी सांगितलं?"

"कानावर येतं."

चाळीस वर्षांत या बाईने स्क्रूड्रायव्हर हातात धरला नाही. संसारात माणूस शिकत असतो हेच खरं.

तिचं निळं पातेलं पुन्हा दिसत नाही. सूप राखाडी पातेल्यात केलं होतं.

३ नोव्हेंबर
उणे अकरा. रस्ते निसरडे.

ब्रँडनला जाऊन आलो. जाऊन-येऊन चार तास, दुकानात दहा मिनिटं. विक्रेता पोरगेला होता, दात फार पांढरे. त्याने विचारलं, "दाराच्या वर तुळईपर्यंत जागा किती?" मी म्हटलं, "असते तेवढी असेल." तो म्हणाला, "नेस्टर, ती नसली तर दार छताला धडकेल." तुळई तातोंनी स्वतःच्या उंचीच्या हिशेबाने बसवली आणि ते होते बुटके. जागा कमी आहे एवढं मला माहीत आहे, किती कमी ते माहीत नाही. पोराने खिडक्यांची चित्रं दाखवली. मी नको म्हटलं. खिडकीतून ऊब जाते आणि बघायचं तरी कोणाला आहे?

येताना डॉफिनला आणखी एका दुकानात थांबलो. तिथला माणूस मापं ऐकून म्हणाला, "अशा अडचणीच्या गॅरेजला एकच माणूस हात घालायचा, तुमच्याच गावचा." मी त्याचं माहितीपत्रक काउंटरवरच ठेवून निघालो.

५ नोव्हेंबर
काल रात्री नीट झोप नाही. आर सोळा घ्यावं की अठरा?

६ नोव्हेंबर
सोळा.

७ नोव्हेंबर
अठरा. आयुष्यात एकदाच घ्यायचं आहे.

९ नोव्हेंबर
उणे चौदा.

तुळईचं माप घ्यायला शिडी लावली तर भिंतीवर पेन्सिलचे जुने आकडे सापडले. धुळीखाली चांगले टिकलेत. १९७९ चे. वॉल्टर एकोणीस वर्षांचा होता, मी चौदाचा. मापं तो लिहायचा आणि प्रत्येक सातच्या पोटात आडवी रेघ मारायचा. शाळेतल्या बाईंनी शंभर वेळा हाणूनही ती सवय गेली नाही. मला पाणसळ धरायला दिली होती. मी ती पाडली आणि ओल्या काँक्रीटला खोक पडली. तातो हात उगारून आले. वॉल्टर म्हणाला, "माझा धक्का लागला." मार त्याने खाल्ला.

खोक अजून तिथेच आहे. शिडीवर किती वेळ उभा होतो कोण जाणे, पाय बधिर झाले. माप घ्यायचं राहून गेलं.

१३ नोव्हेंबर
उणे सतरा. वारा उत्तरेचा.

पर्लने कुठून तरी एका बाईचा नंबर आणला. ग्रेटा टेव्स, दारं बसवते, स्वतःचा ट्रक आहे. फोन केला. पहिल्यांदा पांढरं दार सांगितलं. मग वाटलं बर्फात पांढरं दार काय दिसणार, म्हणून तपकिरी सांगितलं. मग आर अठराच ना, हे विचारायला फोन केला. मग स्प्रिंगा थंडीत तुटतात का, हे विचारायला.

पाचव्या फोनला ती म्हणाली, "नेस्टर, नवरा निवडताना मी इतके प्रश्न विचारले नव्हते."

"म्हणूनच सांगतो, विचारून घ्यावं."

"आता उशीर झाला, तीन पोरं आहेत. मापं माझ्याकडे आली आहेत, काळजी सोडा."

मापं पाठवली कोणी? पर्ल म्हणाली, "मी पाठवली." शिडीवर चढली असणार, मी को-ऑपला गेलो तेव्हा. या वयात! मी तिला चांगलंच झापलं. ती हसत होती.

२२ नोव्हेंबर
उणे एकोणीस. लख्ख ऊन.

पिरोह्यांचा, म्हणजे पाण्यात उकडायच्या करंज्यांचा दिवस. पर्ल लाटते, भरते, कडा दाबते. मी बटाटे कुस्करतो आणि शिव्या खातो. बासष्ट डझन झाल्या, म्हणजे सातशे चव्वेचाळीस. बटाटा-कांद्याच्या, आंबट कोबीच्या, सुक्या आलुबुखाराच्या. "चार माणसांना सातशे?" मी विचारलं. "चारच येतील हे तू ठरवलंस," पर्ल म्हणाली.

नेहमीप्रमाणे ताटांत पसरून गॅरेजमध्ये ठेवल्या. दोन तासांत दगड झाल्या. मग डब्यांत भरून भिंतीकडच्या कोपऱ्यात रचल्या आणि उंदीर लागू नयेत म्हणून वरून जुनी गोधडी घातली. लांबडा फ्रीझर हरणाच्या मांसाने, कोंबड्यांनी आणि बेरींनी गच्च आहे. पण नोव्हेंबर ते मार्च आमच्याकडे फ्रीझर लागतो कोणाला? आईसुद्धा गॅरेजमध्येच ठेवायची.

एल्सी असताना या दिवशी इथे यायची. पिरोहीच्या कडेला ती जशी मुरड घालायची तशी पर्लला जमत नाही. पर्ल स्वतःच म्हणाली आणि डोळ्यांना ॲप्रन लावला. एल्सी वॉल्टरची बायको. जूनमध्ये गेली. मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो होतो. शेवटचं गाणं सुरू झालं तसा उठून निघून आलो. जेवणाला थांबलो नाही, वॉल्टरच्या हातात हात दिला नाही. का, ते मला सांगता येणार नाही. बाहेर आलो तेव्हा बसची वेळ झाल्यासारखी घाई झाली होती आणि बस तर मी केव्हाच सोडली होती.

४ डिसेंबर
उणे चोवीस.

दार आलं. ग्रेटा आणि तिची मावसबहीण, दोघींनी सहा तासांत जुनं उतरवून नवं बसवलं. मी मध्ये मध्ये करत होतो म्हणून मला कॉफी करायला पाठवलं. दोनदा.

दाराला खिडक्या आहेत! वरच्या रांगेत चार. मी नको म्हटलं होतं. ग्रेटाने कागद दाखवला. त्यावर स्पष्ट लिहिलंय, खिडक्या वरच्या रांगेत, तिहेरी काच. खाली मापं. तुळईपासून सात इंच, खालची पट्टी चार इंची, मऊ रबर, डाव्या कोपऱ्याला उतारावर कापणे. सातच्या पोटात आडवी रेघ होती. हल्ली सगळेच तशी काढतात वाटतं.

"काम छान करतेस," मी ग्रेटाला म्हटलं.

"शिकवणारा कडक होता. एक स्क्रू वाकडा गेला तर अख्खा रूळ काढायला लावायचा."

तिने नाव घेतलं नाही, मी विचारलं नाही.

दार एका बोटाने वर जातं. आवाज नाही. मी अकरा वेळा वर-खाली केलं. पर्लने आतून ओरडून सांगितलं, "आता पुरे, ते म्हातारं होईल!"

७ डिसेंबर
बाहेर उणे सव्वीस. गॅरेजमध्ये उणे सात!

तिथे खास थर्मामीटर लावला. जुन्या दाराला आतबाहेर जेमतेम चार अंशांचा फरक असायचा.

१२ डिसेंबर
बाहेर उणे अठ्ठावीस, आत उणे चार.

बाजूच्या पट्ट्या पुन्हा घट्ट केल्या. तुळईजवळ केसाएवढी फट होती, ती बुजवली. पर्ल स्वतः बघायला आली. थर्मामीटरसमोर चष्मा लावून उभी राहिली. महिनाभर माझी टर उडवली, पण शेवटी चांगली वस्तू माणसाला जिंकतेच.

१६ डिसेंबर
बाहेर उणे तीस, आत उणे एक.

पर्ल रोज सकाळी पहिला प्रश्न हाच विचारते. "किती झालं आत?" आज वर म्हणाली, "गाडी बाहेर कशाला ठेवतोस? फिरून आलास की लगेच आत घे. गरम इंजिनाने अजून फरक पडेल." माझ्या डोक्यात कसं आलं नाही? दुपारी उगाच डॉफिनपर्यंत चक्कर मारून आलो आणि गाडी तापलेली तशी आत घातली.

१९ डिसेंबर
बाहेर उणे एकतीस, आत अधिक एक. शून्याच्या वर!

पाइप खणखणीत. फरशी कोरडी. कोणाला तरी दाखवावंसं वाटलं. दाखवण्यासारखा, म्हणजे यातलं ज्याला कळेल असा माणूस गावात एकच आहे.

खिडकीतून रस्ता दिसतो हे आज कळलं. वॉल्टर टपालपेटीपर्यंत गेला, परतला. दोनदा थांबला. दाराकडे बघत होता की श्वास घेत होता, सांगता येत नाही.

२१ डिसेंबर
बाहेर उणे तेहतीस, आत अधिक तीन.

मी नुसत्या शर्टावर गॅरेजमध्ये बसून कॉफी प्यायलो. तातोंना दाखवायला हवं होतं.

पर्लने वीस पौंड पीठ आणलं. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "स्वस्त होतं."

२३ डिसेंबर
बाहेर उणे चौतीस, आत अधिक पाच. विक्रम.

चर्चवर दिवे लावलेत. उद्या त्यांची पवित्र सांज. पर्लने विचारलं, "वॉल्टर उद्या एकटाच बसणार का रे जेवायला?" मी म्हटलं, "तारीख त्याने निवडली." बोलल्यावर माझं मलाच बरं वाटलं नाही. गॅरेजमध्ये जाऊन दार वर-खाली केलं.

२४ डिसेंबर
बाहेर उणे तेहतीस. आत अधिक पाच.

पिरोह्या वितळल्या. सगळ्या. मी गाढव आहे.

२५ डिसेंबर
उणे एकोणतीस. वारा पडला. गाडी आत.

काल सगळं लिहायला वेळ झाला नाही, आज लिहितो.

काल सकाळी आठला पर्लने गॅरेजमधून हाक मारली. गोधडी बाजूला टाकलेली, डब्याचं झाकण तिच्या हातात. आत बोट घातलं तर पिरोही दबली. सातशे चव्वेचाळीस पिरोह्या, एकीला एक बिलगायला लागलेल्या. तीन आठवडे ज्या आकड्यावर मी नाचत होतो, त्या आकड्याने केलेलं हे काम.

"परत गोठवू," मी म्हटलं. "आत्ता बाहेर ठेवू बर्फात."

"म्हणजे चिकटून एक मोठा गोळा होईल आणि सहा तारखेला तू तो करवतीने कापशील." पर्लचा आवाज अगदी शांत होता. मी असतो तर आरडाओरडा केला असता. "आजच उकडायला हव्यात."

"आज? आज तर…"

"आज चोवीस तारीख आहे. मला ठाऊक आहे. पिरोह्यांना नाही."

मी उलट्या बादलीवर बसलो. पवित्र सांजेच्या पिरोह्या, उपासाच्या, माझ्या आईच्या पद्धतीच्या, आणि त्या उकडायच्या त्यांच्या तारखेला! गावभर हसतील. तीन वर्षं मी ज्या तारखेच्या नावाने थुंकलो, तिने माझ्याच गॅरेजमध्ये येऊन मला गाठलं.

"माझ्या चुलीवर दोन दिवस लागतील," पर्ल पुढे म्हणाली. "मोठा बर्नर आणि मोठं पातेलं लागेल. कोणाकडे आहे ते तुला माहीत आहे."

"तू जा."

"माझे हात पिठात आहेत."

तिचे हात स्वच्छ होते. पण वाद घालण्यात अर्थ नव्हता.

सात घरं. ती चालायला मला कितीतरी वेळ लागला. वॉल्टरच्या दाराशी दोनदा हात वर केला आणि खाली घेतला. तिसऱ्यांदा ठोकायच्या आत त्यानेच उघडलं. खिडकीतून बघत असणार.

"काय रे?" तो म्हणाला. जणू काल बोललो होतो.

"बर्नर पाहिजे."

"कशाला?"

"पिरोह्या वितळल्या."

"कुठे ठेवल्या होत्या?"

"गॅरेजमध्ये."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या खांद्यांना हलकासा हिसका बसला. "आर किती घेतलंस?"

"अठरा."

"अठरा!" तो हसायला लागला. काठी सुटली, दाराची चौकट धरून हसला. "अरे, अठरा घेऊन वर फ्रीझर म्हणून वापरतोस? तीस वर्षांत मी असा एक माणूस पाहिला नाही." आणि मलाही हसू आलं. नको असताना आलं. त्याच्या मागे ओट्यावर पर्लचं निळं पातेलं धुऊन पालथं घातलेलं होतं. मी ते पाहिलं. त्यानेही पाहिलं मी पाहिलेलं.

बर्नर आम्ही घसरगाडीवर घालून आणला. गॅरेजमध्ये शिरल्यावर त्याने आधी पिरोह्यांकडे पाहिलंच नाही. डाव्या कोपऱ्याकडे गेला, बुटाने खालची पट्टी दाबून पाहिली. "चार इंची. बरोबर," असं स्वतःशी म्हणाला. तुळईखालून हात फिरवला. मग म्हणाला, "खिडक्या तुला आवडणार नाहीत हे मला माहीत होतं. पण आतून अंधारात काम करणं वाईट, नेस्टर. तातोंचे डोळे तसेच गेले."

म्हणजे मापं पर्लने नव्हतीच घेतलेली. शिडीवर चढल्याबद्दल मी तिला उगाच झापलं.

पाणी उकळायला लागलं तशी वाफ कोंडली. "दार फूटभर वर घे," वॉल्टर म्हणाला, "गॅस आहे, मरायचंय का?" तीन आठवडे जपलेली ऊब माझ्या डोळ्यांदेखत बाहेर गेली. मी थर्मामीटरकडे पाठ करून उभा राहिलो. तो पातेल्यात टाकायचा, मी झाऱ्याने काढायचो, पर्ल आतून कांदा-तेल घेऊन यायची. तो बादलीवर बसला होता, गुडघ्यांमुळे. त्या काँक्रीटच्या खोकेपाशीच.

चौथ्या घाण्याला मी म्हटलं, "एल्सीच्या वेळी मी निघून आलो. चुकलं माझं."

तो पातेल्यात बघत होता. "मी तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. माझ्या शेजारी. बायका येऊन विचारायच्या, बसू का? मी म्हणायचो, भाऊ येतोय."

वाफेमुळे चष्मा धुरकटला हे बरं झालं.

"तारखेचं मी मागे घेत नाही," मी पुढचा घाणा काढता काढता म्हटलं.

"घेऊ नकोस. मी पण घेत नाही. ती पिरोही फाटतेय, काढ आधी."

साडेचारला पातेलं उतरवलं. पर्लने टेबल मांडलं होतं. टेबलावर कुटियासुद्धा होती, मध आणि खसखस घातलेली गव्हाची खीर. तिचा गहू रात्रभर भिजवावा लागतो आणि तो तिने नेमका आदल्या दिवशी भिजत घातला होता. नशीब म्हणायचं. गेलेल्यांसाठी आम्ही एक ताट जास्त मांडतो. मी कपाटातून आणखी एक काढलं आणि वॉल्टरच्या शेजारी ठेवलं. त्याने ते अर्धं बोट सरकवून सरळ केलं.

जेवायला बसायचं ते पहिली चांदणी दिसल्यावर आणि ती शोधायची घरातल्या सर्वांत लहानाने. तिघांत मीच लहान, पर्लहून सात महिन्यांनी. एकसष्ट वर्षांचा घोडा, गॅरेजमध्ये जाऊन नव्या दाराच्या खिडकीला नाक लावून उभा राहिलो. आधी नुसताच निळा उजेड होता. मग धान्याच्या कोठारावर एक बारीक ठिणगी दिसली.

"दिसली का?" वॉल्टरने आतून विचारलं.

"दिसली."

"तेरा दिवसांनी पण हीच असेल का रे?"

"गप बस आणि जेव," मी म्हटलं.

साडेसहाला उरलेले डबे गाडीत घालून चर्चच्या हॉलच्या दारापर्यंत पोचवले, बायकांनी आत नेले. वॉल्टर प्रार्थनेला गेला. मी आत गेलो नाही. इतक्यात नाही. पण गाडी चालू ठेवून गाणी संपेपर्यंत बाहेर थांबलो, कारण त्याला त्या बर्फात चालत कसं सोडायचं?

आज सकाळी पर्ल पुन्हा कणीक मळायला बसली आहे, सहा तारखेसाठी. वीस पौंड पीठ आणून ठेवलेलं कामाला आलं. इतकी वर्षं डबे सांभाळणाऱ्या बाईला गॅरेज तापतंय आणि पिरोह्या तिथेच आहेत हे सुचू नये, याचं मात्र आश्चर्य वाटतं. वय होतंय तिचं. मी बोलून दाखवलं नाही. उगाच मन दुखावेल.

बटाटे कुस्करायला वॉल्टर दहाला येतो आहे. डबे या वेळी त्याच्या गॅरेजमध्ये ठेवणार. तिथे खात्रीने गोठतात. आयुष्यभर लोकांची दारं बसवली त्याने, स्वतःचं अजून लाकडीच आहे.